कल्हई आणि धातूचे नॅनोकण



सोमेश्वरनगरच्या आसपास, नीराकाठच्या कितीतरी घरांत पितळेची पातेली आजही माळ्यावर सापडतील. त्यांना कल्हई का लावायची, हे आपल्या आजीबाईंना पुस्तकावाचून ठाऊक होते. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते. कारण आंबटाने तांबे पदार्थात उतरते. म्हणून कल्हईवाला भांडे तापवी, नवसागराने मळ काढी आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवी. कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळते, त्यामुळे साध्या भात्यावर हे काम होई.

यात तीन गोष्टी आल्या. पृष्ठभाग स्वच्छ हवा, थर घट्ट बसायला हवा आणि झिजला की पुन्हा द्यायला हवा. आजच्या लेपांचे शास्त्रही याच तीन गोष्टींभोवती फिरते.

भिंत लिंपताना आपण मातीत भुसा कालवतो. नुसती माती तडकते. भुसा तिला धरून ठेवतो. तसेच, निकेलचा मुलामा चढवताना द्रावणात सिलिकॉन कार्बाइडचे कठीण कण तरंगते ठेवले, तर ते निकेलबरोबर थरात बसतात आणि झीज कमी होते. इंजिनाच्या सिलिंडरला आतून असा लेप देतात. यालाच संमिश्र लेप म्हणतात.

आता कण फारच बारीक केले तर? एक सेंटिमीटर बाजूच्या धातूच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तोच ठोकळा १० नॅनोमीटरच्या तुकड्यांत कापला, तर पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे! रासायनिक क्रिया पृष्ठभागावर होते. म्हणून चिमूटभर धातू मोठे काम करतो.

असे कण करण्याची एक रीत आपल्या पुण्यातच अभ्यासली गेली. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवून दिले की, कडुनिंबाच्या पाल्याचा काढा चांदीच्या किंवा सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला, तर त्या धातूंचे नॅनोकण तयार होतात. पाल्यातलीच द्रव्ये कणांभोवती बसून त्यांचा गोळा होऊ देत नाहीत.

मात्र एक गोष्ट ध्यानात धरा. काढ्यातून निघाला म्हणून कण निरुपद्रवी ठरत नाही. चांदी रोगजंतू मारते, तशी जमिनीतल्या उपकारक जिवाणूंनाही बाधू शकते. आणि हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी त्या जिवाणूंच्याच जिवावर असतात.

तेव्हा बाजारात ‘नॅनो’ नावाचे भांडे, रंग वा औषध दिसले, तर बिचकू नका आणि भुलूही नका. विचारा : धातू कोणता? किती? टिकतो किती दिवस? धुऊन निघाला, तर जातो कुठे? शिक्षकबंधूंनी हे प्रश्न मुलांच्या वहीत जरूर उतरवून द्यावेत. कल्हई उडाली की घरची बाई ते भांडे चुलीवर चढवीत नसे. तेवढी जागरूकता नव्या कल्हईबाबतही आपण बाळगू या.