गाईचें ठाण
(शाळेच्या पटांगणांत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



गाय शेणानें माखलेली दिसली कीं आपण म्हणतों, जनावरच घाणेरडें. मीही तसेंच म्हणत असें. माझी पत्नी पहांटे गाय धुवी आणि दुपारीं पुन्हा तेंच. शेवटीं कासेला दगडी झाली, एक सड कायमचा निकामी झाला, दूध निम्म्यावर आलें. ज्याचे घरीं एकच दुभतें आहे, त्यास याचा अर्थ सांगावयास नको.

मग एके दिवशीं पट्टी घेऊन ठाण मोजलें. ठाण म्हणजे गव्हाणीपासून नालीपर्यंत, जेथें जनावर उभें राहतें व बसतें ती जागा. ती सात फूट निघाली! गोठा वडिलांनीं बैलांकरितां बांधलेला, गाय लहान. शेण ठाणावरच पडे आणि ती त्यांतच बसे. वसुबारसेला आपण तिला हळदकुंकू वाहतों, आणि वर्षभर शेणांत बसवितों.

मध्यम बांध्याच्या गाईस ठाण पांच ते साडेपांच फूट लांब व साडेतीन ते चार फूट रुंद पुरे. मोठ्या संकरित गाईस थोडें अधिक लागतें. आखूड झालें तर मागचे पाय नालींत राहतात. नालीकडे पांच फुटांस दीड इंच उतार असावा. नाली फूटभर रुंद, तळाचे कोपरे गोल, म्हणजे फावडें अडत नाहीं. गवंडीदादा येथें बसले आहेत. त्यांना विनंती कीं कोबा घोटूं नका, गाय घसरते. ओला असतांच रेघा ओढा.

दावें फार आखूड नको. गाय आधीं मागचा भाग उचलते व डोकें पुढें झोकते. पुढें जागा नसली तर तिला उठणें जड जातें, व ती घाणींतच बसून राहते.

धार काढल्यावर सडाचें तोंड निदान अर्धा तास उघडें असतें. म्हणून वैरण धारेनंतर टाकावी. खातांना ती उभी राहते.

मी गव्हाण दीड फूट अलीकडे घेतली, मुरूम ठोकून उतार दिला. दोन दिवसांचें काम. गेलेला सड परत आला नाहीं, पण रोजचें धुणें सुटलें. “हें दहा वर्षें आधीं कां सुचलें नाहीं?” असें पत्नी विचारते. मजजवळ उत्तर नाहीं.

उद्यां रविवार. कोणास गोठा मोजावयाचा असेल, तर पट्टी शाळेंतून न्यावी.