बंद पडलेला पाळणा आणि आपले कर्ज

(अकलोली, ता. भिवंडी, जि. ठाणे येथील कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवण्यासाठी.)



काल संध्याकाळी आपण सारे कुंडावर पाय बुडवून बसलो होतो. तानसेच्या काठची ही गरम पाण्याची कुंडे मुंबईच्या लोकांनी गजबजलेली असतात. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत ज्या वज्रेश्वरीला नवस बोलला आणि 1739 साली किल्ला पडल्यावर जिचे देऊळ बांधून दिले, ती इथून हाकेच्या अंतरावर. येताना शिरसाड फाट्यापासूनच्या रस्त्यावर रिसॉर्टच्या पाट्याही तुम्ही पाहिल्या असतील. तेव्हा आपल्या यवतमाळच्या एका तरण्या पोराने विचारले, "भाऊ, ते एस्सेल वर्ल्ड इथून जवळच ना? बंद पडलं म्हणतात. पुन्हा चालू होईल का हो?"

सगळे हसले. कापूस-ज्वारीवाल्यांच्या शिबिरात पाळण्यांची चौकशी! मलाही हसू आले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटले, पोराने विचारले ते बरोबरच विचारले. बंद पडलेला धंदा कशाने उघडतो आणि कशाने कायमचा बसतो, हे ज्याला कळले त्याला आपले दुखणेही कळेल. म्हणून आज कापसाच्या भावाआधी पाळण्यावर बोलतो. कंटाळा आला तर हात वर करा.

एस्सेल वर्ल्ड इथून नैर्ऋत्येला, गोराईच्या खाडीपलीकडे. 1989 साली सुरू झाले. ज्यांनी काढले ते सुभाष चंद्र हे हिसारच्या धान्य व्यापाऱ्याच्या घरातले. सोव्हिएत रशियाला तांदूळ पाठवून त्यांनी मोठे भांडवल उभे केले. झी टीव्ही आला तो नंतर, 1992 मध्ये. म्हणजे त्या पाळण्याच्या मुळाशीही कुणा शेतकऱ्याचा तांदूळ आहे. तो कोणत्या भावाने घेतला होता हे विचारायचे नसते. 1998 मध्ये शेजारी वॉटर किंगडम हे पाण्याचे उद्यान निघाले. पश्चिम महाराष्ट्रापासून गुजरातपर्यंतच्या शाळांच्या सहली तिथे येत. 2020 मध्ये कोविडची टाळेबंदी आली. 2022 मध्ये एस्सेल वर्ल्डला कुलूप लागले, पाण्याचे उद्यान मात्र चालू राहिले.

हे असे का झाले? एकच मालक, एकच जागा, एकच गिऱ्हाईक. मग एक बंद आणि एक चालू कसे? याचे उत्तर जमाखर्चात आहे. पाण्याच्या उद्यानाला लागतो पंप, गाळणी, फायबरच्या घसरगुंड्या. यातले काही बिघडले तर जवळचा मिस्त्री दुरुस्त करतो. पाळण्यांचे तसे नाही. पोलादाचा मोठा पाळणा, गडगडत जाणारी गाडी, त्यांचे सुटे भाग बाहेरून मागवायचे, तपासणी सतत करायची, आणि चाक फिरो न फिरो, माणसाचा पगार द्यायचा. गिऱ्हाईक येते रविवारी, सुटीत आणि सहलीच्या दिवसांत. पावसाळ्यात पाळणा भिजत उभा. त्यात समुद्राचा खारा वारा. तीस वर्षांचे यंत्र दोन वर्षे उभे राहिले तर गंज ते खाऊन टाकतो. आपल्याकडे एक हंगाम बंद राहिलेले जिनिंगचे रेचे पुन्हा चालू करताना काय होते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. चालू ठेवण्याला लागतो त्यापेक्षा जास्त पैसा बंद पडलेले पुन्हा उघडायला लागतो.

आता कोरडवाहू शेती आठवा. पाऊस पडो न पडो, बियाणे घ्यायचे, वखर-पाळीचा खर्च करायचा, निंदणाची मजुरी द्यायची, आणि पैसा यायचा तो एकदाच, सीतादहीच्या वेळी नव्हे, वेचणी झाल्यावर. सारा खर्च आधी, मिळकत मागून आणि तीही दुसऱ्याच्या हातात. पाळणेवाल्याचा धंदा आणि आपला धंदा जातीने एकच आहे. फरक आहे तो पुढे, धंदा बसल्यावर काय होते त्यात.

त्यासाठी दुसरे उदाहरण घेऊ. खालापूर तालुक्यात, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळ, 2013 च्या एप्रिलमध्ये इमॅजिका नावाचे मोठे उद्यान सुरू झाले. जमीन तीनशे एकरांच्या आसपास, खर्च सोळाशे कोटींच्या घरात, त्यात मोठा वाटा बँकांच्या कर्जाचा. धरले होते तेवढे लोक आले नाहीत. तिकिटाच्या पैशातून व्याजही निघेना. कोविडच्या आधीच कंपनीची हप्त्यांची थकबाकी झाली होती. कोविडमध्ये दरवाजे बंद, मग उघडले, मग पुन्हा बंद. पुढे काय झाले? लिलाव पुकारला? दवंडी दिली? फोटो पेपरात छापला? नाही. बँका एकत्र बसल्या. घातलेला पैसा आहे तसा परत येणार नाही हे त्यांनी मान्य केले. धंदा जेवढे पेलू शकेल तेवढेच कर्ज ठेवले आणि बाकीच्याची फेररचना केली. मग 2022 च्या जूनमध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने नवे भांडवल घालून ताबा घेतला. मालपाणी म्हणजे तुम्हाला ठाऊक असलेले गाय छाप जर्दावाले. शिर्डीला आणि लोणावळ्याला त्यांची पाण्याची उद्याने आधीपासून चालत होती. ते उद्यान आज चालू आहे.

माझी यावर तक्रार नाही, हे नीट ऐका. बँकांनी केले ते शहाणपणाचे केले. मेलेल्या गाईचे दूध निघत नाही. तीनशे एकरांवर गंजलेले पोलाद ठेवून कुणाचे भले झाले नसते. तिथल्या कामगारांचे, आसपासच्या टपरीवाल्यांचे पोट चालू राहिले. दुसऱ्याचे कर्ज हलके झाले म्हणून पोटात दुखायला आपण काही भाऊबंद नाही. आपला प्रश्न एवढाच, की हा शहाणपणा जिल्ह्याच्या गावी आला की संपतो कुठे?

2016 साली दिवाळखोरीचा नवा कायदा झाला. कंपनी बुडाली तर सावकारांची समिती बसते, नवा घेणारा शोधते आणि उरलेल्या कर्जावर पाणी सोडते. या कायद्यातून निकाल लागलेल्या प्रकरणांत सावकारांच्या हाती सरासरी तीनातला एक रुपया आला आहे. म्हणजे दोन सोडले. त्याच कायद्यात माणसांसाठी, कुटुंबासाठीही एक भाग लिहून ठेवला आहे. पण कंपन्यांच्या जामीनदारांपलीकडे तो लागूच केलेला नाही. कागदावर दार आहे, त्याला कडी बाहेरून. जानेवारी 2019 मध्ये एस्सेल समूहाची गाडी अडली तेव्हा सुभाष चंद्र यांनी सावकारांची माफी मागणारे जाहीर पत्र लिहिले आणि सावकारांनी सप्टेंबरपर्यंत मुदत दिली. आपण पत्र लिहिले तर? बँकेचा शिपाई ते आवक नोंदवहीत चढवून घेईल तरी पुष्कळ. आपल्याला मिळते ती माफी, आणि तीही अटींसकट, याद्यांसकट, अंगठ्याच्या ठशासकट. 2008, 2017, 2019 अशा तीन झाल्या. प्रत्येक वेळी वृत्तपत्रांत अग्रलेख आले की शेतकऱ्यांची सवय बिघडते. इमॅजिकाची सवय बिघडली असे कुणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

आणखी एक गोष्ट. जीएसटी आला 1 जुलै 2017 ला. करमणूक उद्यानांच्या तिकिटावर 28 टक्के कर बसला. पार्कवाल्यांनी आरडाओरडा केला, जानेवारी 2018 मध्ये तो 18 टक्क्यांवर आला. सात महिने लागले. इकडे 2025 मध्ये कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क 19 ऑगस्टपासून उठवले, आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमके आपले बोंड फुटून कापूस घरात येईस्तोवर. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये कागदावर होता, आणि बाहेरच्या गाठींना दार उघडे होते. पाळण्याला सात महिन्यांत सवलत मिळते, बोंडाला वेचणीच्या तोंडावर टाच बसते. सरकार चालते कुणाच्या कानाने हे यावरून समजावे.

आता जमिनीचे. कमाल धारणा कायदा 1961 चा. कोरडवाहू जमीन पाच माणसांच्या कुटुंबाला 54 एकर, त्याच्या वर एक गुंठा नाही. मी 55 वा एकर ठेवला तर गुन्हेगार. पण जमीन शेतीची राहिली नाही, अकृषिक झाली, की हा कायदा तिला लागत नाही. तीनशे एकरांत पाळणे फिरू शकतात. तीनशे एकरांत कापूस पेरणारा एक शेतकरी या राज्यात कायद्याने असू शकत नाही. शेती मोठी झाली तर पाप, शेती मोडली तर मोठेपण. मग शेतीत भांडवल येत नाही म्हणून रडायचे कशाला?

इथले स्थानिक कार्यकर्ते मला सकाळी म्हणाले, की एस्सेल वर्ल्ड उघडेल की नाही हे पाळण्यांवर ठरणार नाही, जमिनीवर ठरेल. मलाही तसेच दिसते. दिल्लीचे अप्पू घर आठवते का? 1984 मध्ये प्रगती मैदानावर सुरू झाले, 2008 मध्ये बंद झाले. तोटा झाला म्हणून नव्हे, सर्वोच्च न्यायालयाला आणि मेट्रोला ती जागा हवी होती म्हणून. त्या जागेवर ते पुन्हा उघडले नाही. शहराजवळच्या जमिनीची किंमत चढली की तिच्यावरची प्रत्येक गोष्ट, पाळणा असो की भातखाचर, मालकाच्या डोळ्यात खुपू लागते. गोराई, उत्तन, मनोरी या पट्ट्यात मागे पर्यटनाचा मोठा सेझ आणायचा बेत झाला होता. तिथले कोळी आणि ईस्ट इंडियन शेतकरी आडवे उभे राहिले आणि तो बारगळला. रायगडात महामुंबई सेझबाबत 21 सप्टेंबर 2008 ला 22 गावांतल्या शेतकऱ्यांचे मत घेतले गेले, ते तुम्हाला आठवत असेल. गोराईचा गंजलेला पाळणा उभा आहे तो या दोहोंच्या मध्ये: किनाऱ्याचे नियम बांधू देत नाहीत, गाववाले विकू देत नाहीत, आणि जुनी यंत्रे चालवायला परवडत नाही.

तेव्हा पोरा, माझे उत्तर असे. पाण्याचे उद्यान चालत राहील. जुने एस्सेल वर्ल्ड, तू टीव्हीवर पाहिलेस तसे, आहे तसे उघडेल असे मला वाटत नाही. कुणी नवा पैसा घेऊन आला, अर्धी यंत्रे भंगारात घातली आणि थोड्या जागेत नव्याने मांडले तर दरवाजा उघडेल. तो माणूस कुणी मुंबईचा बडा असेलच असे नाही. संगमनेरचा जर्दावाला येऊ शकतो तर आणखी कुणीही येऊ शकतो. तुला सहलीला जायचे असेल तर खालापूरला जा. भाडे जास्त पडेल.

काल दुसऱ्या एकाने विचारले, की आपणच कृषी पर्यटन का करू नये, सरकारने 2020 मध्ये धोरण आणले आहे. करा, जरूर करा, पण हिशेब मांडून करा. ज्वारीवाल्याकडे हुरडा आहे. गुळभेंडी, फुले मधुर, परभणी वसंत हे हुरड्याचे वाण आहेत. शहराच्या तासाभराच्या अंतरावर तुमचे शेत असेल, तर महिना-दीड महिना पोत्याच्या भावाने जाणारी ज्वारी ताटाच्या भावाने जाते. घाटंजीच्या पुढच्या तांड्यावर मात्र हुरडा खायला पुण्याहून कुणी येणार नाही. झोपाळे, तंबू, पोहण्याचा हौद यांसाठी कर्ज काढू नका. पाळणेवाल्याला बँक तीन रुपयांतले दोन सोडते, तुम्हाला जप्तीची नोटीस देते. पाटी-खुरपे आहे, शेगडी आहे, आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी आहे, तेवढ्यावर करा.

ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस नागपूरच्या आंदोलनानंतर कर्जमाफीचा निर्णय 30 जून 2026 पूर्वी करू, असे आश्वासन सरकारने दिले होते. आश्वासनाच्या तारखा मोजत बसायचे नाही, असे मी म्हणतो. आपली मागणी माफीची नाही. जो नियम तीनशे एकरांच्या पाळण्याला, तोच पाच एकराच्या पऱ्हाटीला: धंदा पेलेल तेवढे कर्ज ठेवा, बाकीचे सोडा, आणि नवे पीककर्ज देताना जुन्या थकबाकीचा डाग काढू नका. ठरावाचा मसुदा तयार आहे. तो दुपारच्या बैठकीत वाचला जाईल, त्यात शब्द बदलायचे असतील तर तेव्हाच सांगा. ज्यांना बँकेच्या नोटिसा आल्या आहेत त्यांनी त्या बरोबर आणाव्यात. तारीख, मुद्दल आणि व्याज वेगवेगळे लिहून घ्यायला दोन मुले ओसरीत वही घेऊन बसतील. जेवण तयार आहे.