पासवर्ड माझ्याकडेच होता

आज घरूनच, देवळाली कॅम्पमधून बोलतोय. मधेच लांबून धुम्म असा आवाज आला तर दचकू नका. तोफखान्याचा सराव चालू असतो, आम्हाला त्याची सवय आहे.

आजचा विषय आहे आध्यात्मिक संरक्षण. सैतानापासून, मोहापासून आपण सुरक्षित राहतो ते नेमकं कशामुळे?

सुरुवात आमच्या गावापासूनच करतो. इंग्रजीत 'डूलॅली' असा एक शब्द आहे, म्हणजे डोकं फिरलेला. तो 'देवळाली'वरूनच आलाय. ब्रिटिश काळात भारतातली मुदत संपलेले गोरे शिपाई इथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत थांबायचे. सैन्याची जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटायची. ज्याची मुदत एप्रिलमध्ये संपली, तो सहा-सात महिने इथंच. काम नाही, वर ऊन, दारू आणि ताप. लढाईतून वाचलेली माणसं या रिकाम्या दिवसांत ढासळली, असं सांगतात.

माझंही असंच झालं. कॉलेजमध्ये, हॉस्टेलवर मी टिकलो. घसरलो ते वर्क फ्रॉम होममध्ये, स्वतःच्या खोलीत. आई-बाबा झोपले की फोनवर सट्ट्याचं ॲप उघडायचं. सुरुवात शंभर रुपयांपासून केली. चार महिन्यांत बासष्ट हजार गेले. त्यातले बरेचसे धाकट्या बहिणीच्या फीसाठी बाजूला ठेवलेले होते.

उपायही मी इंजिनिअरसारखाच केला. ॲप काढलं, ब्लॉकर टाकला, यूपीआयची मर्यादा कमी केली. लॉक स्क्रीनवर स्तोत्र 91 लावलं, कारण संरक्षणाचं स्तोत्र म्हटलं की तेच आठवतं. अकरा दिवस बरे गेले. बाराव्या रात्री दीड वाजता मी स्वतःच ब्लॉकर काढला. पासवर्ड माझ्याकडेच होता ना! भिंत मी बांधलेली, दारही मीच उघडलं. आणि हे सगळं स्तोत्र 91 वर बोट सरकवून, फोन अनलॉक करून.

नंतर मत्तय 4 वाचताना एक गोष्ट लक्षात आली. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि खाली उडी टाक म्हणतो. त्यासाठी तो वचन कुठलं वापरतो? हेच, स्तोत्र 91 मधलं! देवदूत तुला सांभाळतील, पायाला दगडसुद्धा लागणार नाही, या अर्थाचं. म्हणजे संरक्षणाचं वचन सैतानालाही पाठ आहे. येशू मात्र त्या वचनाचा ताबीज करत नाही. देवाची परीक्षा पाहायची नाही, एवढंच सांगून तो तिथंच उभा राहतो.

मग मी ते स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सुरुवातीलाच अट आहे: हे सगळं देवाच्या आसऱ्याला राहणाऱ्यासाठी आहे. अडचण आली की दार वाजवणारा वेगळा आणि तिथं राहणारा वेगळा. मी रविवारी कॉयरमध्ये गात होतो, पण देवाशी एकट्यानं बोलून किती महिने झाले ते मला आठवेना. सट्टा नंतर आला. अंतर त्याच्या आधीच पडलं होतं.

रेव्हरंड ना. वा. टिळक, ज्यांची गीतं आपण उपासनेत गातो, ते ख्रिस्ताला माउली मानायचे. जत्रेत लेकराला रस्ता कळत नाही, गर्दीशी लढताही येत नाही. त्याला फक्त पदर सोडायचा नसतो. याकोब 4 मध्येही क्रम तोच आहे. आधी देवाच्या अधीन व्हा, मग सैतानाला अडवा, आणि लगेच पुढे, देवाजवळ या. मी मधलं एकच वाक्य घेऊन लढत होतो.

त्या रात्री मी 'वाचव' म्हटलं नाही. म्हटलं, "प्रभू, हे बघ मी काय करतोय." खूप दिवसांनी खरं बोललो. सकाळी बाबांनाही सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "उद्यापासून सकाळी माझ्याबरोबर ओट्यावर बस." तेव्हापासून पावणेसहाला आम्ही दोघं, चहा आणि पवित्र शास्त्र. बहिणीची फी मी हप्त्याहप्त्यानं भरली.

यानंतर मी कधीच घसरलो नाही का? एकदा घसरलो. फरक एवढाच, की तेव्हा लपलो नाही, त्यामुळे लवकर उठलो. ब्लॉकर आजही आहे, तो काढा असं मी म्हणत नाही. फक्त पासवर्ड आता बहिणीकडे आहे आणि ती महा खडूस आहे!

या आठवड्यात एवढं करून बघा. तुमची पडण्याची वेळ तुम्हाला माहीत आहे. त्याच्या दहा मिनिटं आधी फोन खाली ठेवा आणि देवाशी जे खरं आहे ते बोला. भाषा सुंदर नसली तरी चालेल. आणि कर्ज किंवा व्यसन हाताबाहेर गेलं असेल, तर घरातल्या एका माणसाला आजच सांगा, समुपदेशकाकडे जा. मदत मागणं हा विश्वासाचा कमीपणा नाही.

प्रभू तुम्हाला जवळ ठेवो. भेटू पुढच्या भागात. सलाम!