मोती कुणाचा?



घटस्फोट म्हटला की वाटण्या आल्याच. घर कुणाचं, दागिने कुणाचे, बँकेतल्या ठेवींचं काय, आणि मुलं असतील तर ती कुणाकडे राहणार. या यादीत अलीकडे आणखी एक नाव येऊ लागलं आहे. कधी ते मोती असतं, कधी ब्रूनो, तर कधी मनी. दोघांनी मिळून पाळलेला कुत्रा किंवा मांजर वेगळं होताना न्यायचं कुणी?

ऐकणाऱ्याला हसू येतं. ‘इथे संसार मोडला आणि यांना कुत्र्याचं पडलंय!’ असंही कुणी म्हणतं. पण ज्या घरात मूलबाळ नाही, किंवा मुलं शिक्षणासाठी परगावी गेली आहेत, तिथे संध्याकाळी दाराशी वाट पाहणारा तो एकच जीव असतो. त्याच्यावरून होणारं भांडण वरवरचं नसतं.

आता आपला कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ अज्ञान मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांविषयी आहे. कलम २७ लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या सामायिक चीजवस्तूंविषयी आहे. लग्नानंतर चार वर्षांनी घरी आलेला मोती मूल नाही, म्हणून २६मध्ये बसत नाही. आणि तो लग्नातला आहेर नाही, म्हणून २७मध्येही बसत नाही. मग उरतो मालमत्तेचा दावा. पती-पत्नींमधला असा दावा कुटुंब न्यायालय ऐकू शकतं. पण मालमत्ता म्हटली की पहिला प्रश्न येतो तो विकत घेतल्याच्या पावतीचा. महापालिकेचा परवाना कुणाच्या नावावर, हेही विचारलं जातं. पहाटे पट्टा हातात घेऊन त्याला फिरवायला कोण नेत होतं, हा प्रश्न मागे पडतो. आणि रस्त्यावरून उचलून आणलेल्या पिल्लाची तर पावतीच नसते!

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा आहे. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याची नीट काळजी घ्यावी, असं तो सांगतो. ताबा दोघांपैकी कुणाचा, हे मात्र सांगत नाही.

हा पेच केवळ आपल्यापुढेच आहे असं नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका खटल्यात कुत्रा पतीकडे गेला आणि पत्नीला एक आड एक शनिवार-रविवारी त्याला भेटण्याची मुभा मिळाली. १९९५मध्ये वरच्या न्यायालयाने ही मुभा रद्द केली. मुलांच्या ताब्याच्या प्रकरणांवर देखरेख करतानाच न्यायालयांची दमछाक होते, त्यात कुत्र्यांच्या भेटीगाठींची भर नको, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. यात तथ्य नाही असं कोण म्हणेल?

पुढे मात्र वारं बदललं. २०१३मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशांसमोर जोई नावाच्या डॅशहुंड कुत्र्याचा वाद आला. त्यांनी सुनावणीसाठी एकच दिवस देऊ केला आणि कुत्रा कुणा एकाकडेच जाईल, हेही सांगून ठेवलं. पण विचारायचे प्रश्न बदलले. त्याचं खाणंपिणं, फिरवणं, डॉक्टरकडे नेणं कोण करत होतं? त्याच्यासोबत जास्त वेळ कोण असायचं? २०१७ साली अलास्का राज्याने एक पाऊल पुढे टाकलं. घटस्फोटात पाळीव प्राण्याचं हित विचारात घ्यावं, असा कायदाच तिथे अमलात आला. इलिनॉय आणि कॅलिफोर्निया त्याच्या मागोमाग आले. स्पेनमध्ये जानेवारी २०२२पासून न्यायाधीश प्राण्याचा ताबा, भेटीच्या वेळा आणि खर्चही वाटून देऊ शकतात. इंग्लंडमध्ये कुत्रा आजही कायद्याने मालमत्ताच आहे. तरीही २०२४मध्ये एका गोल्डन रिट्रिव्हर कुत्रीच्या प्रकरणात, ती कुणी विकत घेतली यापेक्षा ती कुणाला आपला सांभाळणारा मानते, याला तिथल्या न्यायाधीशांनी महत्त्व दिलं.

स्पेनच्या कायद्यातली आणखी एक तरतूद मला मोलाची वाटते. जोडीदाराला धाकात ठेवण्यासाठी कुणी प्राण्याला छळत असेल, किंवा छळण्याची धमकी देत असेल, तर मुलांचा संयुक्त ताबा देताना न्यायालय ती गोष्टही लक्षात घेतं. ‘तू गेलीस तर कुत्र्याला सोडून देईन,’ या एका वाक्यापायी माणसं नको त्या घरात अडकून पडतात. म्हणून हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

आपल्याकडेही एक लहानशी खूण दिसली आहे. २०२३मध्ये मुंबईत वांद्र्याच्या दंडाधिकारी न्यायालयात, कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात एका पत्नीने पोटगी मागताना आपल्या तीन रॉटवायलर कुत्र्यांचाही उल्लेख केला होता. पतीने त्याला हरकत घेतली. ती न्यायालयाने मानली नाही. पाळीव प्राणी हा चांगल्या जगण्याचा भाग आहे आणि तुटलेल्या नात्यांची उणीव ते भरून काढतात, असं सांगत दरमहा ५० हजार रुपयांची अंतरिम पोटगी देण्यात आली.

पण कायदा बदलेपर्यंत मोतीने थांबायचं का? त्याचं आयुष्य जेमतेम बारा-तेरा वर्षांचं. परस्परसंमतीने वेगळे होणारे पती-पत्नी तडजोडीच्या अटी लिहून न्यायालयात देतातच. त्यात चार ओळी याच्याही लिहाव्यात. तो राहणार कुठे? रेबीजच्या लशीचा आणि आजारपणाचा खर्च कोण करणार? शस्त्रक्रियेची वेळ आली तर निर्णय कुणाचा? सांभाळणाऱ्याची बदली झाली किंवा तो परदेशी गेला तर पुढे काय? परवान्यावरचं नावही त्याप्रमाणे बदलून घ्यावं.

ठरवताना थोडं तारतम्य हवं. घरात मुलं असतील तर कुत्रा शक्यतो त्यांच्याबरोबर राहू द्यावा. एकाच वेळी दोन आधार सुटायला नकोत. मांजराचा जीव माणसांइतकाच जागेत गुंतलेला असतो, त्याला दर आठवड्याला घर बदलायला लावू नये. एकत्र वाढलेली दोन कुत्री ‘एक तुला, एक मला’ म्हणून वाटून घेऊ नयेत. आणि केवळ समोरच्याला खिजवण्यासाठी तर कुणी ताबा मागूच नये. हट्टाने जिंकून आणलेला कुत्रा दिवसभर बंद फ्लॅटमध्ये एकटा बसणार असेल, तर त्या जिंकण्याची किंमत तोच मोजत असतो.

तेव्हा मोती कुणाचा, हे ठरवण्याआधी त्याला दिवसातून दोनदा फिरवायला कोण नेणार, एवढं दोघांनी एकमेकांना प्रामाणिकपणे विचारावं. बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळून जाईल.