पंधरा लाख किलोमीटरवरची दुर्बीण आणि आपलं धाबं

(जळगाव येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



मे महिन्यात जळगावकरांसमोर सूर्याचं नाव काढायचं म्हणजे धाडसच. दिवसभर ज्याने भाजून काढलं, त्याच्याबद्दल संध्याकाळी पुन्हा ऐकायला तुम्ही आलात, आणि धुळ्याहूनही काही मंडळी आली आहेत, याचं मला कौतुक वाटतं. सूर्याकडे मी येणार आहे, पण थोडा वळसा घेऊन.

25 डिसेंबर 2021. आपल्या घड्याळात संध्याकाळचे पाच पन्नास, इकडे दिवेलागणीची वेळ. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानात कुरू इथून एरियन-5 अग्निबाण जेम्स वेब दुर्बीण घेऊन उडाला. सत्तावीस मिनिटांनी दुर्बीण अग्निबाणापासून सुटी झाली आणि पुढे महिनाभर जगभरचे आकाशवेडे तिच्या मागे लागले. दिसत तर काही नव्हतं. मग पाहत काय होते? आकडे. आज किती किलोमीटर गेली, वेग किती, सावलीतली बाजू किती थंड झाली. 4 जानेवारीला पाचपदरी सूर्यछत्री ताणून झाली, 8 जानेवारीला अठरा तुकड्यांचा साडेसहा मीटरचा आरसा पुरा उलगडला. घडी घालून पाठवलेलं हे यंत्र अवकाशात उलगडताना एखादी कळ अडकली असती, तर दुरुस्तीला कोणी जाऊ शकणार नव्हतं.

यातली एक गोष्ट बऱ्याच जणांना बुचकळ्यात टाकत होती. चंद्राइतकं अंतर तिने अडीच दिवसांत कापलं आणि उरलेल्या वाटेला जवळजवळ चार आठवडे घेतले. वेग रोज कमी होत होता. काही बिघडलं की काय? काही बिघडलं नव्हतं. चाळीसगावहून सायकलवर कन्नडचा घाट चढायचा आहे आणि सायकलला ब्रेक नाहीत, अशी कल्पना करा. पायथ्याशी एवढाच जोर लावायचा, की माथ्यावर पोचता पोचता वेग संपत यावा. जास्त जोर लावला तर माथा ओलांडून पलीकडे घरंगळत जाल. वेबला ब्रेक का नव्हते? तिचे धक्का देणारे नळे सगळे सूर्याकडच्या बाजूला होते. वेग मारायचा तर तिला उलटं वळावं लागलं असतं, म्हणजे आरसा उन्हात आला असता. म्हणून अग्निबाणाने मुद्दाम किंचित कमी वेग दिला आणि उरलेला हिशेब छोट्या धक्क्यांनी भरून काढला. 24 जानेवारी 2022 ला ती एल-2 या बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचली. पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटर, सूर्याच्या विरुद्ध दिशेला.

त्याच दिवशी इटलीतल्या जानलूका मासी यांनी सतरा इंची दुर्बिणीने तिचा फोटो टिपला. फोटोत काय होतं? एक ठिपका. आपल्या शाळा-कॉलेजांत असते तशा लहान दुर्बिणीला डोळा लावून ती दिसेल, ही आशा सोडा. पण कुठे आहे ते मात्र बिनदुर्बिणीचं सांगता येतं. सूर्याच्या विरुद्ध म्हणजे मध्यरात्रीच्या आकाशात. या दिवसांत धाब्यावर अंथरूण टाकून पडलात, की मध्यरात्री दक्षिणेकडे तूळ-वृश्चिक असतात. साधारण त्या बाजूला, चंद्राच्या जवळजवळ चौपट अंतरावर, ती आपलं काम करत असते.

हबलचं मात्र उलट आहे. 1990 साली सोडलेली ही दुर्बीण नुसत्या डोळ्यांना दिसते. तिची कक्षा विषुववृत्ताशी साडेअठ्ठावीस अंशांनी कललेली. जळगाव-धुळे एकवीस अंशांच्या आसपास. त्यामुळे ती कधीकधी थेट आपल्या डोक्यावरून जाते. मॉस्कोच्या माणसाला ती आयुष्यात क्षितिजावरही दिसणार नाही. सूर्यास्तानंतर किंवा पहाटे, पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जाणारा, सप्तर्षीतल्या ताऱ्याइतका ठिपका. काही मिनिटांचा खेळ. सातपुड्यात पालला किंवा तोरणमाळला जायचीही गरज नाही, शहरातूनही दिसतो.

आता आपल्या आदित्यकडे वळू. 2 सप्टेंबर 2023 ला श्रीहरिकोट्याहून निघालेलं आदित्य-एल1 यान 6 जानेवारी 2024 ला ठिकाणावर पोचलं. हेही पंधरा लाख किलोमीटरवर, पण सूर्याच्या बाजूला. त्यावरची ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुकाने इस्रोच्या साथीने घडवली. ती सूर्याचं पूर्ण बिंब अतिनील प्रकाशात टिपते. त्यातला बराचसा प्रकाश ओझोनच्या थरामुळे आपल्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून तर वर जावं लागलं.

आणि आता गंमत ऐका. मे 2024 मध्ये सूर्यावर डागांचा एक अवाढव्य समूह आला, सुमारे पंधरा पृथ्व्या शेजारी शेजारी मांडाव्यात एवढा रुंद. 10 आणि 11 मेला वीस वर्षांतलं सर्वांत मोठं सौरवादळ पृथ्वीवर आदळलं. लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाली दिसली. त्या दोन दिवसांत आदित्यवरची इतर उपकरणं नोंदी घेत होती, पण ‘सूट’ आणि प्रभामंडल पाहणारी ‘व्हेल्क’ ही दोन्ही यंत्रं ठरलेल्या देखभालीत होती. त्यांची दारं 14 मेला उघडली. इकडे खानदेशात मे महिन्याचं ऊन. ग्रहणाचा चष्मा कपाटात जपून ठेवलेल्या कोणालाही ते डाग पाहता येण्याजोगे होते! यात इस्रोला नावं ठेवण्यासारखं काही नाही, यंत्रांना देखभाल लागतेच. पण मोठी दुर्बीण वर गेली की खालच्या हौशी माणसाचं काम संपलं, असं म्हणणाऱ्यांना मी हीच तारीख सांगतो.

आम्हा हौशी मंडळींचा एक दोषही बोलून टाकतो. यान उडालं की मोबाइलवर फोटोंचा पूर येतो, पुढे ढकलाढकली होते, आठ दिवसांत सगळं शांत. याला पाठपुरावा म्हणत नाहीत. चाळीसगावजवळ पाटणला शके 1128 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला मिळालेल्या दानाची त्यात नोंद आहे. आपण त्या शिलालेखाचा अभिमान भाषणात मिरवतो, मीही आत्ता तेच केलं. पण त्या मठात सिद्धान्तशिरोमणी शिकायचा, म्हणजे ग्रह कुठे असेल ते आधी पाटीवर काढायचं. आकाशाचा पाठपुरावा म्हणतात तो याला.

आदित्य आपल्या आणि सूर्याच्या मधल्या रेषेच्या आसपास आहे, म्हणून सूर्याची जी बाजू त्याला दिसते, जवळजवळ तीच आपल्याला दिसते. इस्रोने जानेवारी 2025 मध्ये त्याच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. तेव्हा माझी विनंती आहे, विशेषतः इथे बसलेल्या शिक्षकांना. शाळेच्या कपाटात पडून असलेली लहान दुर्बीण काढा. सूर्याकडे रोखा, पण डोळा लावू नका, कोणाला लावू देऊ नका. नेत्रिकेमागे हातभर अंतरावर पांढरा कागद धरा, त्यावर आधीच काढलेल्या वर्तुळात बिंब बसवा आणि डाग पेन्सिलीने गिरवा. खाली तारीख आणि वेळ लिहा. सकाळी आठच्या सुमाराला, शाळेला सुट्टी असली तरी, पावसाळा सुरू होईपर्यंत रोज. डाग दिवसेंदिवस सरकत जातील, तेरा-चौदा दिवसांत काठाआड होतील. मग ‘सूट’ची त्याच तारखेची प्रतिमा काढून मुलांना शेजारी ठेवायला सांगा. जूनमध्ये त्या वह्या घेऊन या, आपण त्या इथेच मांडू.