बर्फाचे विरजण

पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते, हे वाक्य आपल्याकडे शालेय विज्ञानाचा पाया म्हणून शिकवले जाते. माझे म्हणणे असे, की हे वाक्य उलट्या बाजूने मांडले गेले आहे. नेहमीच्या हवेच्या दाबाला शुद्ध बर्फ शून्य अंशाला वितळतो, हे निर्विवाद. पाणी मात्र त्या अंशावर गोठेलच असे नाही. तिथे त्याला गोठण्याची मुभा मिळते, एवढेच. प्रत्यक्ष गोठायला आणखी काहीतरी लागते.

याचा पुरावा फार जुना आहे. ज्याच्या नावाची तापमापी आपण ताप मोजायला वापरतो, त्या फॅरनहाइटचा लेख 1724 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. काचेच्या गोळ्यात पावसाचे पाणी भरून, आतली हवा काढून त्याने तो कडाक्याच्या थंडीत रात्रभर ठेवला. तापमान होते 15 अंश फॅरनहाइट, म्हणजे शून्याखाली सुमारे 9 अंश सेल्सिअस. तरी सकाळी पाणी द्रवच होते. त्यात बर्फाचे कण टाकताच ते गोठू लागले आणि तापमान चढून 32 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या शून्यावर, आले. गोठताना तापमान चढावे हे विचित्र वाटते, पण सगळी मेख इथेच आहे. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे 80 कॅलरी उष्णता बाहेर टाकते. उणे 10 अंशांच्या पाण्याचा साधारण आठवा हिस्सा गोठला, की तेवढ्या उष्णतेने उरलेले पाणी शून्यावर येते. पुढचे गोठणे मग सावकाश, बाहेरची थंडी उष्णता ओढून घेईल त्या गतीने होते.

मग अडते कुठे? बर्फात रेणूंना ठरावीक षट्कोनी मांडणीत बसावे लागते. काही रेणू तसे जुळतातही, पण इतक्या चिमुकल्या स्फटिकाचा पृष्ठभाग त्याच्या आकारमानाच्या मानाने फार मोठा असतो. पृष्ठभाग उभा करायला ऊर्जा खर्च होते, आतल्या मांडणीने होणारी बचत तो खर्च भागवत नाही, आणि जुळलेले पुन्हा विस्कटते. दुधाला नुसती ऊब पुरत नाही, विरजण लागते. तसा थंड पाण्याला धुळीचा योग्य कण किंवा बर्फाचाच तुकडा लागतो. स्यूडोमोनास सिरिंगी या पानांवरच्या जिवाणूचे प्रथिन हे काम उणे 2 अंशांच्या आसपास करून टाकते. असे काहीच हाती लागले नाही, तर ढगातले सूक्ष्म थेंब सुमारे उणे 38 अंशांपर्यंत द्रव राहतात. वितळण्याला ही अडचण नाही, कारण बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू मुळातच सैल असतात. म्हणूनच शून्य अंश ही वितळण्याची खूण भरवशाची आहे.

यावर कोणी म्हणेल, फ्रीजरमधले पाणी तर रोज बिनबोभाट गोठते. गोठते, कारण तिथे तापमान उणे 18 च्या आसपास असते आणि नळाच्या पाण्यात, ट्रेच्या कडांवर असे कण भरपूर असतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मीठ ही अशुद्धीच, मग तिने पाणी लवकर का गोठत नाही? फरक विरघळण्याचा आहे. विरघळलेले मीठ वितळण्याचा अंशच खाली नेते, मिठाच्या संपृक्त द्रावणात तो उणे 21 पर्यंत जातो. कुल्फीच्या माठात बर्फासोबत मीठ घालतात ते यासाठी. न विरघळणारा कण हा अंश हलवत नाही, फक्त गोठण्यातला उशीर दूर करतो.

वितळण्या-गोठण्यातला हा भेद केवळ प्रयोगशाळेचा नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर गारपीट झाली आणि हातातोंडाशी आलेला गहू, हरभरा, द्राक्षे आडवी झाली. गार वाढते ती शून्याखाली असूनही न गोठलेल्या थेंबांवर: ढगातल्या वर जाणाऱ्या झोताने उचललेले हे थेंब बर्फाच्या गोळीवर आदळतात आणि तिला चिकटून गोठतात. पाणी खरोखर शून्यालाच गोठत असते, तर गारेला इतके मोठे व्हायला खाद्यच उरले नसते. सिल्व्हर आयोडाइडच्या स्फटिकाची ठेवण बर्फाशी जुळते, हे हेरून बर्नार्ड व्हॉनेगट यांनी 1946 मध्ये त्याच्या साहाय्याने अशा थेंबांचा बर्फ करून दाखवला, आणि थंड ढगांवर फवारणी करण्याचे तंत्र त्यातून वाढले.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे, की फळ्यावर पहिले वाक्य ‘बर्फ शून्य अंशाला वितळतो’ हे लिहावे आणि पाणी केव्हा गोठते हा प्रश्न मुलांपुढे मोकळा ठेवावा.