बळाचा श्रीगणेशा



व्यायामाविषयी बोलताना वक्त्याने एखाद्या नामांकित मल्लाचा दाखला द्यावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी मात्र दोन डॉक्टरांचा दाखला देणार आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा शरीरभारांक दोघांचाही २२.३ होता. म्हणजे वजनकाट्याच्या लेखी दोघेही सारखेच आणि दोघेही सडपातळ. परंतु क्ष-किरणांच्या साहाय्याने मोजणी केली, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के निघाला, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावत असत. रुग्णालयातील लिफ्टचे दार मिटण्यापूर्वी ते गाठण्यासाठी धावणे हाच याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम, असे त्या लेखात विनोदाने नमूद केलेले आहे. जन्माच्या वेळचे कमी वजन हेही एक कारण असू शकेल, असे लेखकांनी सुचविले होते.

आपल्या देशातील असंख्य माणसांची स्थिती अशीच आहे. हातपाय बारीक, पोट किंचित पुढे आणि वजन ‘योग्य’. स्नायू किती थोडे आहेत, हे काटा सांगत नाही. जेवणानंतर रक्तात येणारी साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच शोषून घेतात. उतारवयात तोल गेला असता माणसाला सावरतात तेही स्नायूच. म्हणून ‘मला कोठे पहिलवान व्हायचे आहे?’ हा प्रश्न गैरलागू आहे. जमिनीवरून आपले आपण उठता यावे, एवढ्यासाठी तरी बळ हवेच.

नवशिक्याच्या हातून बहुधा दोन चुका होतात. पहिल्याच दिवशी तो शंभर बैठका मारतो, दुसऱ्या दिवशी कठडा धरून जिना उतरतो आणि आठवड्याच्या आत व्यायाम सोडून देतो. दुसरी चूक ताटातली. पोळी-भात एकदम बंद करून तो महागड्या भुकटीचा डबा घरी आणतो. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे घाई.

बळ क्रमाक्रमाने वाढते. अमेरिकी सैन्यातील डॉक्टर टॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या दुबळ्या झालेल्या स्नायूंसाठी मोजून वजने वापरली आणि झेपेल तसा भार वाढवीत नेला. १९४५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. तिचे तत्त्व आपल्याला घरच्या बादलीनेही पाळता येईल. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. बादलीत पाच लिटर पाणी घ्यावे, एक हात टेबलावर टेकून पुढे वाकावे, पाठ सरळ ठेवावी आणि दुसऱ्या हाताने बादली कमरेपर्यंत उचलावी. दहा-बारा वेळा उचलताना शेवटच्या दोन खेपा जड जाव्यात, पण पाठीचा बाक बिघडू नये. लागोपाठ दोन दिवस बारा खेपा सहज झाल्या, की तांब्याभर पाणी वाढवावे. बैठकांचेही तसेच. आरंभी खुर्चीवरून हात न टेकता उठावे, मग बुटक्या स्टुलावरून आणि त्यानंतर मोकळी बैठक मारावी. दंड प्रथम भिंतीला हात लावून, मग भक्कम टेबलाच्या कडेवर आणि शेवटी जमिनीवर काढावेत. श्वास कोंडू नये. जोर लावताना तो सोडावा. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस पुरेत, मात्र दोन दिवसांमध्ये विश्रांतीचा एक दिवस असावा.

पहिल्या काही आठवड्यांत बळ वाढते, पण आरशात काहीच दिसत नाही. निराश होऊ नये. आरंभीचे हे बळ बहुतांशी मज्जासंस्थेचे असते. आहेत तेच स्नायू ती अधिक चांगल्या रीतीने कामाला लावू लागते. स्नायूंची वाढ मागाहून दिसते.

आता ताटाकडे वळू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला सुमारे पन्नास ग्रॅम. बळाचा व्यायाम करणाऱ्याने सत्तरच्या आसपास घ्यावीत. हा आकडा भयंकर नाही. दोनशे ग्रॅम कणकेत वीस-बावीस ग्रॅम, साठ ग्रॅम कोरड्या डाळीत चौदा, अर्धा लिटर दुधात सोळा, पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांत बारा. उरलेली कसर मूठभर भिजवलेले हरभरे किंवा दोन अंडी भरून काढतात. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत जे उणे, ते धान्य पुरविते. वरण-भात, खिचडी, इडली, राजमा-चावल ही जोडी देशभर उगाच रूढ झालेली नाही. बदल करायचा तो प्रमाणात. भाताचा डाव थोडा कमी आणि वरण पातळ पाण्यासारखे न ठेवता घट्ट. चहाबरोबरच्या बिस्किटांऐवजी फुटाणे. प्रथिनांच्या भुकट्या टाळाव्यात, असाच सल्ला त्या संस्थेने २०२४ साली दिला आहे.

एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा अंतर्गळ असलेल्यांनी व्यायामापूर्वी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढविण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आता वेळ टळून गेली, असे कोणी म्हणेल. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वृद्धाश्रमातील दहा अशक्त रहिवाशांनी भाग घेतला. त्यांची वये ८६ ते ९६ होती. त्यांपैकी नऊ जणांनी आठ आठवडे पायांनी वजने उचलली. त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, आणि दोघांना चालताना काठीची गरज उरली नाही.

तेव्हा आज घरी गेल्यावर खुर्चीवर बसा आणि हात न टेकता किती वेळा उठता येते, ते मोजा. तो आकडा लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. आपल्या प्रगतीची नोंद काट्यावर नव्हे, त्या कागदावर सापडेल.